भिंतीवरची जागा

वाइपुना, ११ जून २०१८

मारामा,

फोन केला की तू "हो आत्या" म्हणतेस आणि पुढे गप्प बसतेस. गप्प बसलेलं माणूस ऐकायला मला फोन लागत नाही. तुझी आई दोन घरं पलीकडेच राहते. म्हणून पत्र. पत्राचं उत्तर नुसतं "हो" देऊन चालत नाही, हे तुला शाळेत मीच शिकवलं आहे.

कामाचं सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी हेनारेच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचं ठरलं आहे. त्याला जाऊन वर्ष होईल. त्याच दिवशी मराएच्या आवारातल्या सभाघरात, गेलेल्या माणसांच्या भिंतीवर त्याचा फोटो लागेल, तुझ्या बापाच्या शेजारी. तुरेई आजोबांनी जागा करून ठेवली आहे. जागा आहे, फोटो नाही. हेनारेचे जितके फोटो घरोघरी सापडले, त्यात तो एक तर टोपीत आहे, नाही तर हातात बाटली, नाही तर दहा पोरांच्या घोळक्यात जीभ बाहेर काढून. तुझ्या आईला विचारलं. म्हणाली, "मारामाला विचारा, ताई. तिच्याकडे आहेत." आणि परत खिडकीबाहेर बघत बसली. डोंगर दिसतो तिथून, जिथे त्याच्या अंगावर ओंडका आला तो. मी पडदा ओढला. तिने परत उघडला.

तू फोटोग्राफी आणि सिनेमा शिकतेस. भावाचा एक नीट फोटो पाठवणं ही काही मोठी मागणी नाही. एकटा हवा. चेहरा हवा. सदरा असेल तर बरं.

दफन झाल्यावर हात धुतलेस आणि तशीच बसमध्ये जाऊन बसलीस. त्यावर मी काही म्हणत नाही. फक्त नोंदवते.

मेरेआना आत्या


वेलिंग्टन, २० जून

आत्या,

पत्र मिळालं. मी ठीक आहे. जेवते.

वर्ग रोज असतो. इसोबेल बाई शिकवतात. त्यांचा पहिला नियम असा, की फोटो बघताना मधलं माणूस बघू नका, आधी कडा बघा. चौकटीत जे आलं ते तुम्ही आणलं. चुकून आलं असं म्हणायची सोय नाही. दुसरा नियम, दुःख चेहऱ्यात शोधू नका. हात बघा, पाठ बघा, रिकामी खुर्ची बघा. गेल्या आठवड्यात पाच फोटोंत एक गोष्ट सांगायची होती. सगळ्यांनी सुरुवात, मध्य, शेवट असं केलं. मी एकच बसथांबा पाच वेळा काढला. बाई म्हणाल्या, "यात काही घडत नाही." मी म्हटलं, "हो." त्यांनी चांगले गुण दिले.

हेनारेचा फोटो सोबत आहे. गेल्या वर्षीच्या ईस्टरला काढलेला. तो कुंपणाच्या कडेने वर चालला आहे, पाठमोरा. खांद्यावर करवत. बाईंना हा माझ्या सगळ्या कामात उत्तम वाटतो. ऑगस्टमध्ये कॉलेजचं प्रदर्शन आहे, त्यात मोठा करून लावणार आहेत. उद्घाटनाला वाईन आणि चीज असतं, बाहेरचे लोक येतात.

आईला सांग मी ठीक आहे.

मारामा


वाइपुना, २ जुलै

मारामा,

पाठ आम्ही भिंतीवर लावत नाही.

तुझा फोटो तुरेई आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा कोण?"

"हेनारे."

"मग त्याला इकडे बघायला सांग."

"आजोबा, हल्ली असेच काढतात. कला आहे."

"असेल. पण उद्या मी काठी टेकत त्याच्यासमोर उभा राहून बोलू लागलो, तर हा पोरगा पाठ करून चालायला लागलेला. माझ्याशी असं जिवंतपणी कोणी वागलं नाही, मेल्यावर का ऐकून घेऊ?"

ते गंमत करत होते, पण बरोबर बोलत होते. आपण त्या भिंतीशी बोलतो, मारामा. रडतो, भांडतो, बातम्या सांगतो. समोर डोळे लागतात. तुझ्या बाईंना रिकामी खुर्ची पुरत असेल, तुझ्या आईला पुरणार नाही. तिच्याकडे एक आहेच.

आता दुसरं. मेलेल्या माणसासमोर खाणंपिणं? तुझ्या भावासमोर अनोळखी लोक वाईनचे पेले घेऊन उभे राहणार, दातात चीज, आणि तू बाजूला उभी राहून थँक्यू म्हणणार? हे तुला सुचलं कसं नाही, हा माझा प्रश्न आहे. दुसऱ्या कोणाची पोर असती तर समजले असते. फोटो काढून घे. बाईंना कारण सांग. त्यांना कळलं नाही तरी काढून घे.

मी रागावले आहे. पण तुला झोप लागते का, तेही कळव.

आत्या


वेलिंग्टन, १९ जुलै

आत्या,

काढून घेतला. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खाण्याची टेबलं दुसऱ्या खोलीत नेली तर?" मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, "रागावलीस का?" मी म्हटलं, नाही. खरंच नव्हते. तू पत्रात रागावलीस, ते वाचून मला वाटलं की हे मला वाटायला हवं होतं. बाई त्या जागी काही लावणार नाहीत. भिंत कोरी ठेवणार आहेत. लोक तिलाही कलाकृती समजतील असं वर्गातला एक मुलगा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

झोप लागते. पुष्कळ लागते.

आता सिनेमा चालू आहे. तीन मिनिटांचा, संवादाशिवाय. दृश्य कुठे सुरू करायचं यापेक्षा कुठे तोडायचं हे अवघड असतं. बाई म्हणतात, माणूस दाराबाहेर गेलं की लगेच तोडू नका, रिकाम्या दारावर थोडं थांबा, बघणारा तिथे स्वतःचं काहीतरी ठेवतो. मी कपडे धुवायच्या दुकानात मशीन फिरताना घेतली आहे. पूर्ण धुणं होईपर्यंत. त्यातली तीन मिनिटं ठेवली. बाईंनी विचारलं, "यात माणूस कुठे आहे?" मी म्हटलं, "कॅमेऱ्याच्या मागे." तास संपला होता.

हेनारेचा दुसरा फोटो पाठवते. चेहरा आहे. एकटा आहे. गडद निळा स्वेटर आहे, सदरा नव्हता. संध्याकाळचं ऊन समोरून आहे म्हणून डोळे थोडे बारीक झालेत, पण तो बघतोय.

हाच लावा.

मारामा


वाइपुना, ६ ऑगस्ट

मारामा,

याला म्हणतात फोटो.

तुझ्या आईकडे नेला. मी मुद्दाम काही बोलले नाही, टेबलावर ठेवला आणि चहा करायला गेले. परत आले तर तिने तो उचलून घेतलेला. कपाळाला लावला होता. मग म्हणाली, "दाढी केली नव्हती मेल्याने." कित्येक महिन्यांत तिने स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "कधी करायचा?" म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला करायचा. त्यालासुद्धा कापून घ्यायचा." आणि रडली. वेळ लागला तिला रडायला, पण रडली. हे तुझं काम आहे, म्हणून कळवते.

तुरेई आजोबा म्हणाले, "आता बघतोय. आता बोलू."

मंगळवारी गिझबर्नला जाते आहे, चौकट करायला. रिमू लाकडाची, तुझ्या बापाच्या फोटोला आहे तशीच.

तुझ्या पत्रात सिनेमा पुष्कळ असतो आणि तू कमी असतेस. बदल.

आत्या


गिझबर्न, १४ ऑगस्ट

मारामा,

चौकटीच्या दुकानातच बसून लिहिते आहे. दुकानदारीण आत लाकूड कापते आहे. मी तिला थांबवलं आहे.

फोटो घेऊन मी खिडकीशी गेले, लाकडाचा रंग शोभतो का ते बघायला. उजेडात धरला. आजवर सगळ्यांनी त्याचा चेहराच पाहिला, मीही. आज खालची कड दिसली. त्याच्या पायांवरून एक सावली चढते आणि स्वेटरवर छातीपर्यंत येते. गडदावर गडद, म्हणून घरात दिसली नाही. केस वर बांधलेले. कोपरं दोन्ही बाजूंना बाहेर, किटलीच्या कानांसारखी. कॅमेरा धरलेली तू.

त्या भिंतीवर जिवंत माणूस लावत नाहीत, हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. मागे आपल्या टेरीच्या लग्नाच्या फोटोतून आजी कापून लावली, तेव्हा कोणाचं तरी बोट राहिलं होतं तिच्या खांद्यावर, तर बायकांनी रात्र होऊ दिली नाही, फोटो उतरवला. आणि तू अख्खी आहेस यात. मी हा खिळ्याला अडकवला असता, तर तुझा बाप, तुझा भाऊ आणि तू, असे तिघं एका रांगेत लागले असते. माझ्या हाताने.

चूक असती तर मी शिकाऊ म्हणून सोडून दिलं असतं. पण चौकटीत जे आलं ते तुम्ही आणलं, हे तूच मला लिहिलंस. "हाच लावा" असंही लिहिलंस. तेव्हा सरळ विचारते, सरळ सांग. सावली तुला दिसली होती की नाही?

आत्या


वेलिंग्टन, १८ ऑगस्ट

आत्या,

दिसली होती.

त्याच संध्याकाळचे आणखी फोटो होते, सावली नसलेले. नंतर पुसून टाकले. हा ठेवला.

का ते विचारू नकोस. तुला वाटतं तसं काही मी ठरवलेलं नाही. मी काहीच ठरवत नाही. सकाळी उठते, कॅमेरा घेते, जे समोर असेल ते काढते, परत येते. बाई म्हणतात माझी नजर स्थिर आहे. ती स्थिर आहे कारण मागे कोणी नाही. भिंतीवर एक जागा होती, तिथे आणखी एक जण मावत होतं, एवढंच वाटलं. वाईट नाही वाटलं. खूप दिवसांत काही वाटलं नव्हतं, त्यामानाने ते बरंच होतं.

आईला सांगू नकोस.

मारामा


(दाराला चिकटवलेली चिठ्ठी)

वेलिंग्टन, २३ ऑगस्ट

मारामा,

तुझं पत्र काल आलं. मी आज आले. तू फोन उचलत नाहीस आणि दार उघडत नाहीस. खालच्या मुलीने सांगितलं तू वर्गाला गेली आहेस, पाठीला कॅमेरा होता, डोक्याला टोपी नव्हती. ते ऐकून मी पायरीवर बसले. आता उठले आहे.

समोरच्या चहाच्या दुकानात आहे. खिडकीशी. जांभळी हॅट. इथला चहा पाणचट आहे, तरी तू येईपर्यंत पीत राहीन. ओरडणार नाही. तुला जवळ घेईन, तयारीने ये.

आत्या


वाइपुना, २४ सप्टेंबर

मारामा,

घरी पोचून दहा दिवस झाले. तुझ्या त्या अरुंद कोचावर तीन आठवडे झोपून माझी कंबर कायमची वाकडी झाली आहे. माझा पुतळा उभारलात तर तसाच करा.

डॉक्टरीणबाई मला आवडली. कमी बोलते. गोळ्या चुकवू नकोस आणि बुधवारी तिच्याकडे जाणं टाळू नकोस. तुला बरं वाटत नाही म्हणून जायचं आहे. बरं वाटेल तेव्हा जाण्यात काय अर्थ?

इसोबेल बाईंना मी वेगळंच समजून आले होते. वर्गात मागच्या बाकावर बसले तर म्हणाल्या, "तुम्ही पाहुण्या का?" मी म्हटलं, "तपासणीस." त्यांना विनोद कळला. तुझी कपड्यांची मशीन पडद्यावर पाहिली. खरं सांगू? पहिल्या मिनिटाला उठून जावंसं वाटलं. दुसऱ्याला वाटलं, ही पोर इतका वेळ त्या काचेसमोर उभी होती आणि आमच्यापैकी एकही तिथे नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला हॅट डोळ्यांवर ओढून घेतली. बी.ए.ला आम्हाला शिकवलं होतं, की गोष्ट म्हणजे घडलेलं. तुमच्यात न घडलेलंही चालतं, हे आता मान्य करते. पण तुझी पुढची फिल्म हीच असली तर याद राख.

सावलीवाला फोटो माझ्याकडे आहे. कापून घेता येईल का ते पाहिलं. सावली गेली की छाती जाते, आणि नुसतं मुंडकं मी लावणार नाही. फाडणार नाही. कपाटात पालथा ठेवला आहे.

मग भिंतीसाठी काय? हेनारेचा मुकादम येऊन गेला. त्याच्याकडे कामाच्या ओळखपत्राचा फोटो होता. मोठा करून घेतला. मारामा, हा फोटो इतका वाईट आहे, की तुझ्या बाई बघून आजारी पडतील. मागे पांढरी भिंत, अंगावर नारिंगी जाकीट, कान दोन्ही पुढे, आणि तोंडावर भाव असा, की आत्ताच पोलिसांनी धरलंय. कडा तपासल्या. चारही कोऱ्या.

तुझ्या आईने पाहिला आणि हसली. "हा खरा," म्हणाली. "चोर."

तिला तुझं सगळं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. ती उठली, अंघोळ केली आणि तुझी खोली झाडायला घेतली. तेव्हा ऑक्टोबरात ये.

आत्या


वेलिंग्टन, ९ नोव्हेंबर

आत्या,

परत आल्यावर लगेच लिहिणार होते. झालं नाही.

गोळ्या घेते. बुधवारी जाते.

बाईंनी विचारलं, गावी काय काढलंस? मी सांगितलं, कॅमेरा पिशवीतून काढला नाही. त्या म्हणाल्या, मग तोंडी सांग, एकेक चौकट. मी सांगितल्या. दगडावरचं कापड ओढलं तेव्हा ते कोपऱ्यात अडकलं आणि तुरेई आजोबा पुटपुटले, "जिवंतपणीही याला उठवायला असाच त्रास." आईचे बूट, चिखलाने भरलेले. सभाघरात शंभर माणसं आणि हेनारेचे कान. आई त्याच्यासमोर उभी राहून त्याला झापत होती, त्या दिवशी डबा ओट्यावरच का विसरून गेलास म्हणून. बायका तिच्याबरोबर रडत होत्या. तू माझा दंड धरून ठेवला होतास. इतका घट्ट, की निळा पडला.

मला तिथे रडू आलं नाही. सगळ्यांना वाटलं असेल हिला काही नाही. मी त्याच्याकडे बघत होते आणि फोटो किती वाईट छापलाय एवढंच दिसत होतं. बाबांच्या फोटोनंतर त्याचा, आणि त्याच्यानंतर भिंत. मोकळी. मी तिच्याकडेही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जेवणाची घंटा झाली आणि तू म्हणालीस, "चल, जिवंत माणसं जेवतात." मी दोनदा वाढून घेतलं. भूक होती की नव्हती माहीत नाही, पण रताळी गरम होती हे कळलं.

काल एक फोटो काढला. कोणी सांगितला नव्हता. कॅमेरा खिडकीत ठेवला आणि समोर उभी राहिले. कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं. चेहऱ्यावर काही नाही, मी पुष्कळ शोधलं. पण चेहरा आहे. समोर बघतोय.

तुला पाठवते आहे. तू जिथे लावशील तिथे.

मारामा


वाइपुना, १६ नोव्हेंबर

मारामा,

फोटो मिळाला. झोप झालेली दिसते, केस विंचरलेले दिसत नाहीत.

माझ्या फ्रिजवर लावला आहे. तुझ्या एका बाजूला टेरीचं बाळ आहे, नागडं. दुसऱ्या बाजूला मासळीच्या दुकानाचा दरफलक. वर रग्बीच्या सामन्यांच्या तारखा. दाराची उघडझाप केली की तुम्ही सगळेच हलता. तुझी आई सकाळी दूध घ्यायला आली, फोटोसमोर थांबली आणि म्हणाली, "हिने कानात काही घातलं नाही." मग दूध न घेताच गेली. थोड्या वेळाने तिची मोत्याची कुडी घेऊन आली. पार्सल सोबत आहे.

घाल आणि रविवारी फोन उचल. "हो आत्या" एवढंच म्हणालीस तरी चालेल. मी थांबेन.

आत्या